चौदावा बोल्ट

मोबाईल गेटवर ठेवला. कंगवाही ठेवला,
कुणी सांगितलं नव्हतं, मला काही सुचत नव्हतं म्हणून.
वाळव्याच्या अलीकडे, उसाच्या फडांत उभी डिस्टिलरी,
आणि पहिल्या दिवशी मी म्हणालो, मळीचा वास येतोय.
दस्तगीर शिकलगार हसले नाहीत.
“दोन दिवसांत यायचा बंद होईल,
तिथनं पुढं नाकावर विसंबू नको.”
आणि स्वतःच्या गळ्यातलं गॅसमीटर माझ्या गळ्यात घातलं.

तिसऱ्या दिवशी परवान्यावर सही झाली. मेन बंद.
स्विचला त्यांचं कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात.
त्याच स्विचला माझं कुलूप, किल्ली माझ्या.
तरीही टेस्टर लावलाच तिन्ही फेजला,
आणि त्याआधी कंट्रोल रूममध्ये जाऊन
टेस्टर खरं बोलतो का, तेही बघून आले.

रिले केवढा? काडेपेटीएवढा.
आत चांदीचे दोन ठिपके,
भेटले की टक्, सुटले की टक्,
आणि प्रत्येक टक्‌ला मोहरीएवढी ठिणगी.
“तिला मारता येत न्हाई,
तिला घर बांधून द्यायचं.”

घर म्हणजे बिडाची पेटी, दोघांनी उचलायची.
मला वाटलेलं, आत वाफ जाऊ नये म्हणून एवढी जाड.
तर म्हणे, जातीच. मुंगीगत वाट काढती.
आत एखाद दिवशी भडका उडणार
हे धरूनच केलीय ती.
झाकण आणि पेटी यांच्यामधल्या केसभर फटीतून
ज्वाळा बाहेर निघते
आणि निघता निघता
थंड होते.

मी त्या फटीकडे बघत राहिलो.
आमच्या घरी वडील आणि थोरला भाऊ
तीन वर्षं बोलत नव्हते.
असो.

फटीच्या काठांवर रंग नको, ओरखडा नको.
“ओरखडा म्हणजे ज्वाळेला पाऊलवाट,”
म्हणत ते मलमलीनं पुसत होते, आजाऱ्याचं तोंड पुसावं तसं.
त्यांचा आजा सांगलीच्या बाजारात विळ्यांना धार लावायचा.
पेटीच्या रिकाम्या भोकात कुणीतरी
लाकडाची खुंटी ठोकलेली होती.
ती उपसली, साहेबांना दाखवायला खिशात टाकली,
तिथं पितळी प्लग आटे मोजत बसवला.

मग बोल्ट. मोजले. तेरा.
पुन्हा मोजले.

टँकर गेटवर उभा. उपाध्ये साहेब आले,
“तेरा काय कमी आहेत? चौदावा रात्री लावा.”
दस्तगीरभाई वाद घालत नसत.
खिशावर हात ठेवून किल्ली आहे का बघितली
आणि मोटरसायकलला किक मारली.
आष्ट्यात दुकान बंद, म्हणून थेट सांगली.

तीन तास.
मध्येच साहेब मला म्हणाले, “तुझी किल्ली दे.”
खरं सांगायचं तर एकट्या माझ्या किल्लीनं काहीच उघडलं नसतं,
दुसरं कुलूप तिथंच होतं.
तरी दिली नाही.
एवढंच माझं शौर्य, आणि तेवढ्यालाही
हातरुमाल भिजला.

ते आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला बोल्ट,
त्याच जातीचा, त्याच लांबीचा,
आणि पावती, अकरा रुपयांची.
समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले.
फीलर गेजची पात सगळ्या बाजूंनी घालून बघितली,
कुठंच शिरली नाही.
अर्थिंग बघितलं. अवजारं मोजून पिशवीत.
माझं कुलूप मी काढलं, त्यांचं त्यांनी.

टक्.

जाड बिडाच्या आतून, कुणाच्या तरी पोटात
उचकी लागावी एवढाच आवाज.
पंप सुरू झाला. टँकर भरून गेला.
साहेबांनी अकरा रुपयांच्या पावतीवर
बराच वेळ सही केली नाही.

गेटबाहेर लिंबाखाली आम्ही भडंग खाल्लं,
त्यांनी सांगलीहून येताना आणलेलं, तिखट.
शेवटच्या मुठीला माझ्या लक्षात आलं
की मळीचा वास येत नाहीये.

हात पुसला
आणि मीटर बघितलं.