बहुधा दवाखाना

हेक्सहॅम स्टेशनाबाहेर बस मिळाली, नंबर एकशे बावीस.
भिंत बांधायला घेतली ते साल, ड्रायव्हर म्हणाला,
आणि सरोज हिशोबाला बसली,
परतीचं तिकीट आत्ताच काढलं तर माणशी किती वाचतात.
पाचजणींचं ठरलं होतं. आलो चौघी.

भिंत भिंत म्हणतात
ती कुठे कुठे कुंदाच्या कमरेलाही लागत नाही.
"एवढ्यासाठी व्हिसाला दहा बोटांचे ठसे देल्ले म्या?"
ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात रेटत चढत राहिली.
मेंढ्या बाजूला झाल्या नाहीत, आम्हीच झालो.
वारा असा, की फरिदाची ओढणी
दोनदा रोमन साम्राज्याबाहेर गेली
आणि दोनदा मी ती ओढून आत आणली.

किल्ल्यात सगळ्यात शाबूत काय उरलंय, तर संडास.
दगडी पन्हळ लांबच लांब. शिपाई मांडीला मांडी लावून बसत,
काठीला बांधलेला स्पंज
सगळ्यांत मिळून वापरत, असं फलक सांगतो.
जन्मभर वॉर्डात काढलेल्या आम्ही चौघी.
"इन्फेक्शनचं रजिस्टर कोण भरत असंल वं?" सरोज म्हणाली
आणि एक जर्मन कुटुंब वळून बघेपर्यंत
आम्ही होस्टेलच्या जिन्यावरचं हसलो.

पुढे गवतात एक चौक, भोवती खोल्यांचे पाये,
आणि पाटी: बहुधा दवाखाना.
फरिदा आत गेली.
नसलेल्या पायपुसण्यावर तिने बूट घासले.
पावलं मोजत एक खाट, दोन खाटा, अकरा.
"दार इकडून असेल तर सकाळचं ऊन थेट पेशंटच्या डोळ्यांवर,"
आणि मग एका कोपऱ्यात उभी राहिली,
जिथे रात्रपाळीचं टेबल ठेवता आलं असतं.
बराच वेळ.
कुणीच फोटो काढला नाही.

तिथून दोन-तीन मैलांवर दुसरं ठाणं, त्याचं संग्रहालय.
काचेमागे लाकडाच्या पातळ चकत्या,
औषधाच्या चिठ्ठीएवढ्या. त्यांवर शाई.
ओल्या मातीने हवा लागू दिली नाही म्हणून राहिली.
एका बाईने एका बाईला लिहिलंय, वाढदिवसाला ये.
तेवढं मात्र लंडनला नेलंय, इथे फोटो आहे,
राखणदार म्हातारा सांगतो, माफी मागितल्यासारखा.
पत्र कारकुनाच्या हातचं, ओळीत.
शेवटचं थोडंसं तिच्या स्वतःच्या हातचं,
वाकडंतिकडं.
ती गेली की नाही ते कुठे लिहिलेलं नाही.

ललिताच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका छापील होती.
खाली निळ्या पेनाने तिने लिहिलं होतं,
तुझी खाट माझ्या खोलीत लावलीय.
मेट्रनची खुर्ची तिच्याऐवजी मला मिळाली
त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट.
ड्यूटी आहे, असं कळवलं मी.
ड्यूट्या लावणारी मीच होते.

"तुम्ही जाऊन या," या वेळी ती फोनवर म्हणाली. सरोजच्या फोनवर.

दुकानात त्या चिठ्ठीचं पोस्टकार्ड होतं.
एकच घेतलं. सरोजने किंमत विचारली नाही.
थांब्यावर कुंदाने पोळीचे लाडू काढले,
डब्याचं झाकण वाऱ्याने पळवलं, ते आणायला
फरिदा आणि तो जर्मन पोरगा धावले,
तेवढ्यात बस आली.

खिडकीशी बसून आधी पत्ता लिहिला.
अमरावतीचा पिनकोड हाताला पाठ होता.
वर मजकुराची जागा, चार ओळी जेमतेम.
रस्ता नुसता चढ-उतार, बस हलत होती,
अक्षर वाकडं येत होतं.
येऊ दिलं.