रॉकेल वजा जाता

आमच्याकडे पौर्णिमेला सुट्टी.
चंद्र असला की ओमेना फसत नाही,
होड्या म्बिताच्या काठावर पालथ्या पडून राहतात
आणि पुरुष जाळी शिवता शिवता
एकमेकांची उणीदुणी काढतात.

एरवी अंधार पडला की ओग्वेनो निघतो,
चार कंदील तराफ्यांवर ठेवून सरोवरात सोडतो.
मी टेकाडावरून मोजते.
चार दिसले की डोळा लागतो.

दोन महिने झाले, तीनच दिसतात.

पहाटे वाळूवर हिशेब.
आधी होडीवाला, मग रॉकेल, मग आपण.
दहा डबे मासळी आली तर
रॉकेल पूर्वी तीन डबे प्यायचं,
आता सहा पितं आणि तरी तहानलेलंच.
भाव कोण वाढवतं विचारलं
तर पंपावरचा न्यांगवेसो आभाळाकडे बोट करतो,
जसं काही ते तिथून गळतं.

सासऱ्यांनी अडतीस वर्षं कंदिलांत हवा भरली.
आता खोकतात,
तर छातीत कुणी अजून पंप मारतंय असं वाटतं.

होमा बेहून अदोयो खोकं घेऊन आली :
एक दिवा, एक बॅटरी, एक काळी काच.
काठ हसला.
सूर्य दिवसाचा, आपला धंदा रात्रीचा!
मासळी वाळवावी उन्हात, चड्ड्या वाळवाव्यात,
दिवे कुणी वाळत घालतं का?

मी घातला.
ओमेनाच्या जाळीशेजारी, दगड लावून.
कोंबड्यांना दिवसभर हाकललं.
ओग्वेनो बोलला नाही,
पण जाताना घेऊन गेला.

त्या रात्री टेकाडावरून मोजले :
तीन पिवळे, थरथरणारे,
आणि चौथा पांढरा,
इतका स्थिर, की माझ्याच पोटात गोळा आला.
कंदील श्वास घेतो. हा घेत नव्हता.
उजाडेपर्यंत बसून राहिले.

मासळीला काय,
उजेड कुठला, ते ती विचारत नाही.

वाळूवर पुन्हा हिशेब.
होडीवाला. तीन कंदिलांचं रॉकेल.
आणि आता अदोयोच्या दिव्याचा हप्ता,
अजून सतरा महिने.
ओग्वेनो म्हणाला, वजाबाकी काही सुटत नाही, आपोंदी.

नाही सुटत.
पण मी वहीत शोधलं,
उन्हाचे पैसे कुठे लावलेले दिसले नाहीत.
होडीवाल्याच्या अजून लक्षात आलं नसावं.