पाण्यातला माल

फेरो बेटांतल्या आमच्या खाडीत
चौदा गोल पिंजरे आहेत
आणि प्रत्येकात सामन माशांचा एक काळा भोवरा.
किती मासे? नेमकं कुणालाच माहीत नाही.
अंदाज लिहायचा असतो
ताळेबंदात, ‘जिवंत माल’ या ओळीसमोर.

सुन्नुवा संचालक होती तेव्हा
दारात ओले बूट काढता काढताच
विचारायची: काल मेले किती?
कॉफी नंतर.
पिंजऱ्यांवरचा ब्यार्नी आकडा सांगायचा, न अडखळता,
कारण तिचा चेहरा
दोनशेंना असायचा तसाच नऊ हजारांना.
एका वर्षी जेलीफिश आले.
तळटीप तिने स्वतः लिहिली,
तिच्या आईला कळेल अशा भाषेत.
शेअर कोसळला. कॅन्टीनमध्ये नुसता चमच्यांचा आवाज.
मला मात्र त्या आठवड्यात झोप लागायची.

मग हानुस आला.
वाईट माणूस नव्हे.
माझ्या मुलीच्या चर्चमधल्या दीक्षेला
लोकरीचा स्वेटर घेऊन आला होता.
तो फक्त वेगळं विचारायचा:
‘या तिमाहीत किती दाखवू शकतो आपण?’
खोटं लिही, असं एकदाही म्हणाला नाही.
चौकशीतही मी हेच सांगितलं.

पण वरचा प्रश्न जिने उतरत येतो.
सरासरी वजन चार किलो आठशे
की सरळ पाच,
हे माझ्या टेबलापाशी येऊन थांबायचं.
बेरजेत धरतात तसा
मी दर तिमाहीला एक हातचा धरत गेलो
आणि कुठून आला ते विसरत गेलो.

पाण्यात म्हैस, वर मोल.
आमची म्हैस चंदेरी खवल्यांची,
आणि मोल करणारे आम्ही
काचेआड, कोरडे.

कोपनहेगनहून लेखापरीक्षक आली, फ्रिडा नावाची.
बोटीत तिला मळमळलं.
पाण्यात कॅमेरा सोडला, मासे समोरून गेले,
पुन्हा गेले. तेच, की दुसरे?
सही झाली.

काढणीच्या दिवशी
बोट अर्धीच भरून परतली.
जाळ्यात अंदाज येत नाहीत,
मासे येतात, असतील तेवढे.

संध्याकाळी ब्यार्नी माझ्या दाराशी उभा.
‘दोन वर्षं,’ म्हणाला,
‘मेले किती, हे मला कुणी विचारलंच नाही.’
मग खिशातून एक डायरी काढली,
मिठाने फुगलेली,
आणि वाकून
बुटांच्या नाड्या सोडू लागला.