सहा रात्री कुंपण बंद

रोज उत्तररात्री, दंव धरू लागलं की
नोंदींवर एक ओरखडा उमटायचा.
केपटाउनहून विचारणा आली:
रोझेल्डा, तुमच्या बाजूला कोण ठिणग्या पाडतंय?

तिथे मोबाइलला मनाई आहे.
मायक्रोवेव्हसुद्धा लोखंडी पेटीत कोंडलेला.
कारूच्या उघड्या माळावर
तबकड्या तोंडं वर करून गप्प.
रोझेल्डा फिसाखी, लोकर कातरणाऱ्याची मुलगी,
त्यांच्या सांध्यांत ग्रीस भरते.

दोन महिन्यांपूर्वी एका उपग्रहाने कळवलं होतं:
नुसत्या आकड्यांचं नाव असलेल्या एका जागी
क्ष-किरण भडकलेत.
हवा त्यांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही,
म्हणून पहिली बातमी वरूनच यायची.
एक कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याला ओरपत होतं.
मग भडका निवला
आणि दोन बाजूंना दोन झोत सुटले,
जवळजवळ प्रकाशाच्याच चालीने.
तोंडाशी आलेले, गिळायचे राहून गेलेले घास.
ते आता कुठवर पोचले,
एवढंच तबकड्यांना ऐकायचं होतं.
मधे हा ओरखडा.

हातात अँटेना धरून ती तीन दिवस शेतं हिंडली.
एका फाटकाशी कानातली खरखर वाढली.
सीना ओप्परमन, वय एक्याऐंशी, मेंढ्या दोनशे चार.
कोल्ह्यांसाठी घातलेलं विजेचं कुंपण
आणि अकराव्या खांबावर
चिनी मातीचा तडकलेला इन्सुलेटर.
भेगेत ओल शिरली की ठिणगी.
नवा अपिंग्टनहून यायला सहा दिवस.

"आणि कोकरं?" सीनाने विचारलं.

याला रोझेल्डाकडे उत्तर नव्हतं,
म्हणून तिने झोतांचं सांगितलं.
सीना ऐकत होती, कडेवरच्या पोरक्या कोकराला
बाटलीने दूध पाजत.
म्हणाली, कोल्ह्याचंही असंच.
अख्खं खात नाही मेला.
दुधाने भरलेलं पोट तेवढं फाडतो,
बाकीचं तिथेच टाकून जातो.
तुझं ते निदान लांब तरी फेकतं.

मग गुडघ्यावर हात ठेवून वाकली
आणि स्विच स्वतःच पाडला.

चौथ्या रात्री ठिपका दिसला.
जिथे काहीच नाही असं वाटतं, तिथेही
विरळ वायू पसरलेला असतो.
झोत त्यावर आदळला होता,
मंदावला होता, आणि मंदावताना
पुन्हा उजळला होता.
आठवड्याने उपग्रहालाही तिथेच
क्ष-किरणांचे मोजून सतरा कण सापडले.
केपटाउनला कुणीतरी केक कापला.

रोझेल्डा चित्राची प्रत घेऊन गेली,
आणि इन्सुलेटर, पाना, तारेचं वेटोळं.
आधी खांबाचं काम केलं.
सीनाने चित्र हातभर लांब धरलं.
"कधीचं म्हणायचं हे?"
"नऊ हजार वर्षांपूर्वीचं. उजेड आत्ता पोचला."
"तेव्हा इथे मेंढ्या नव्हत्या."
"नव्हत्या."
"कोल्हे होते," सीना म्हणाली.

कुंपण पुन्हा टकटकू लागलं.
ती आत गेली, कोकरांची वही काढली,
आणि चित्राची चौघडी करून
त्या चौथ्या रात्रीच्या पानात ठेवली,
जिथे दोन आकडे आधीच खोडलेले होते.