ओठ मिटा, दात सुटे

ऐरोली, विरंगुळा केंद्राचा वरचा हॉल.
सव्वासहाला कुलूप उघडतं,
सतरंजीच्या घडीतून कॅरमची पावडर उडते.
आम्ही अकरा जण. पाच खुर्चीवर, बाकीचे खाली,
गुडघे ज्याला जितकी परवानगी देतील तितके खाली.

मढवी मॅडम सांगतात,
ओठ मिटा, दात सुटे ठेवा, अंगठ्यांनी कान बंद.
दात सुटे म्हटल्यावर
गुप्ते आपली कवळी काढून रुमालात ठेवतात.
एकदा ती तोंडातच खडखडली होती
आणि भ्रामरीचं हसणं झालं होतं,
फडतरेबाईंना तर ठसकाच लागला.

मला कान बंद करायला सांगणं हाही तसा विनोदच.
रबाळ्याच्या फोर्जिंग शेडमध्ये एकतीस वर्षं
दोन टनी हातोड्याशेजारी उभा होतो.
कापसाचे बोळे मिळायचे, घामानं बाहेर यायचे.
उजवा कान तिथंच ठेवून आलो.
डाव्यात एक रातकिडा राहायला आला,
बिनभाड्याचा,
भरदुपारी, लग्नात, दहाव्याला सारखाच किरकिरणारा.
डॉक्टर म्हणाले, औषध नाही, जुळवून घ्या.
जसा काही तो माझा व्याही.

पहिले पंधरा दिवस मी नुसता ओठ मिटून बसलो.
जो ऐकू येत नाही तो आवाज काढायचा कशाला?
शेजारच्या खुर्चीवर नबीसाहेब.
त्यांनी माझा हात उचलून आपल्या छातीवर ठेवला.
ते ओंकार म्हणत नाहीत, नुसता म.
‘मटणातला आहे,’ म्हणतात, ‘कुणाला काय सांगायचंय?’
हाताखाली बरगड्या चालू झाल्या,
बंद शेडमध्ये कंप्रेसर सुरू व्हावा तशा.

मग मीही काढला.
ऐकला नाही.
टाळूला लागला, गालफडांतून वर गेला,
कपाळात कुठंतरी थोडा अडला
आणि डावीकडे
रातकिड्याच्या खाली जाऊन बसला.
तो वरच्या पट्टीत, मी खालच्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो एकटा नव्हता,
की मी नव्हतो,
सांगता येत नाही.

बरं वगैरे काही झालेलं नाही.
कोथिंबिरीची जुडी घेईपर्यंत तो परत सुरू.
फडतरेबाईंचा हात कापतोच,
फक्त चहा बशीत कमी सांडतो म्हणतात,
आणि मॅडम त्यांचं बीपी वहीत लिहितात,
खूश होऊन, खाली दोन रेघा मारून.

येताना वाटेत हाय टेन्शनच्या तारा लागतात.
दमट हवेत त्या गुणगुणतात म्हणे.
मी मान वर करून थांबतो.
ऐकू येत नाही, पण थांबतो.

काल रात्री सरोजला झोप येईना,
नातीचा ताप उतरत नव्हता, फोन लागत नव्हता.
म्हटलं, पाठीला कान लाव.
भिंतीकडे तोंड करून मी ओठ मिटले.
तीन वेळा. चौथ्याला दम पुरला नाही.
ती काही बोलली, ते मला कळलं नाही,
तेव्हा तिनं पाठीवर बोटानं लिहिलं,
एकेक अक्षर, सावकाश:
गि र णी.
आणि खाली, कमरेच्या जरा वर:
अजून.