फणसाची जागा

टाइल्सच्या बिलामागे काढलेलं अंगण:
दक्षिणेला दोन माड, विहिरीकडे अळू,
मधोमध प्रश्नचिन्ह.

खरं अंगण नुसता जांभा.
पहार मारली की ठिणगी.
माती डंपरने आणायची, तीही उधार.

तो म्हणाला, तू जरा फणस हो.
मी हात पसरून उभी राहिले,
तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडत राहिला:
मागे. अजून मागे. वारा अडतोय.

गडग्यापलीकडून इंदुमती,
‘उनात कित्याक गो उभी?’
‘फणस आसंय.’
ती हसली नाही.
‘मगे टाकीपासून लांब रव.
मुळां टाकी फोडतत.’

वेंगुर्ल्याच्या नर्सरीत
लवू परुळेकर रातांब्याचं कलम पुढे करतो.
रोप नको, नर निघालं तर?
कळेपर्यंत सात वर्षं जातात.

आम्ही एकमेकांकडे बघतो.
घराचे हप्ते वीस वर्षांचे.
रोपच द्या, मी म्हणते,
आणि अबोलीच्या चार काड्या, फुकट असतील तर.

संध्याकाळी, मी उभी होते तिथे
चुन्याचा गोल.
त्यात इंदुमतीची कोंबडी
नसलेली माती उकरते आहे.