निव्वळ वजन

आधीच सांगते, रायफल माझी नाही.
क्लबची आहे, तासावर मिळते.
दस्त्यावर आधीच्या कुणाच्या गालाचा चिकट डाग,
तो मी दर रविवारी रुमालाने पुसते.
दुर्बीण मात्र माझी. म्हापशाच्या एका दातांच्या डॉक्टरने विकलेली,
चकतीवरचे आकडे अर्धे उडालेत.
मी नेलपॉलिशने खुणा केल्या:
लाल पन्नास मीटरला, गुलाबी शंभरला,
दोनशेला कुठला रंग ते अजून ठरायचंय.

दस्त्याखाली टेकायला उशी हवी म्हणाले.
दुकानातली चार हजारांची.
भावाच्या जुन्या जीन्सचा पाय कापला,
दोन किलो उकडे तांदूळ भरले, टोकं शिवली.
आई म्हणाली, टोके पडतील गं.
पडले.
आता नेम धरला की खांद्यापाशी
बारीक कुरकुर ऐकू येते.

तेरा वर्षं मी डिचोलीच्या खाणीत वजनकाट्यावर होते.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
खाण बंद झाली, काटा शून्यावर आला
आणि तिथेच राहिला.
त्याच खाणीच्या पोटात क्लबने दोनशे मीटर आखलेत,
समोर लाल मातीचा कडा, चुकलेलं सगळं गिळायला.
पालथं पडायला कन्व्हेयरच्या पट्ट्याचा तुकडा.

कायतान फुर्ताद शिकवतात, सैन्यात सुभेदार होते.
काडतुसं मोजून देतात, दहा,
पण त्याआधी तासभर आत नकली काडतूस,
नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं,
आणि चाप.
"पडलं तर परत. हे फुकट आहे, हेच शीक."
पहिल्या महिन्यात ते नाणं इतक्यांदा उचललं
की कुणी उचलण्याची मजुरी दिली असती
तर बंदूकच आली असती.

पुरसो शेटचा सोन्याचा काटा एका रविवारी उसना नेला.
क्लबच्या टेबलावर, फुर्तादांसमोर,
अर्ध्या गुंजेच्या फरकाने काडतुसं निवडली.
पन्नासातली बावीस जुळली.
ज्या हातांनी टनांचे आकडे लिहिले
त्यांना एवढं हलकं काही धरायची सवय नव्हती.
शेट म्हणाला, भाडं नको, पुसून आण फक्त.

दोनशेवर ही बारकी गोळी दमून पोचते,
वाटेत जवळजवळ माझ्या उंचीएवढी खाली उतरते.
आणि वारा.
माझ्यापाशी गवत हलत नाही.
मध्ये मातीच्या ढिगाला खिंड पडलीय,
तिथे झुडपाला बांधलेली साडीची चिंधी आडवी.
त्याच्याही पलीकडे चिऱ्यावरून ऊन उकळतं
आणि डावीकडे वाहतं.
"तीन वारे आहेत," फुर्ताद म्हणतात,
"तू एकाचंच ऐकतेस."

लक्ष्य म्हणजे टिपरच्या फाळक्यातून कापलेला जाड गोल.
दुर्बिणीतून पहिल्यांदा नीट दिसलं तेव्हा
गंजाखाली पिवळे आकडे होते,
सत्तेचाळीस, मग एक, मग अर्धा तीन.
ओळखली मी.
रिकामी, दहा टन ऐंशी किलो.
गोपी वेळीप चालवायचा,
काट्यावर चढताना उगाच दोनदा हॉर्न द्यायचा.
आता केप्याला कुणाच्या तरी कुळागरात असतो म्हणे.

आज नववी गोळी.
चाप सुटला, आणि मग एवढा वेळ गेला
की मी मनातल्या मनात चुकली असं लिहूनही टाकलं.
मग
टण.
फुर्तादांनी चहाचा कप खाली ठेवला, एवढंच.

दहावी आत होती.
चिंधी खाली पडली, उठली, उलटी फिरली.
"राव गो," फुर्ताद म्हणाले.
थांबले. श्वास संपला, दुसरा घेतला,
चिंधीला काही सुचेना.
मी बोल्ट मागे ओढला.
काडतूस तळहातावर आलं, कोमट.

नोंदवहीत लिहिलं:
घेतली दहा, झाडली नऊ,
परत एक.
दोनशेला हिरवा रंग लावणार आहे.